शनिवारचे लांडगे: फोनवरचा डाव सरळ आणि तोलाचा कसा ठेवायचा

श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवासाठी आमचं सगळं खटलं खान्देशात अमळनेरला जमतं. सोमवारी कानबाईला निरोप दिला की सुरतचे सुरतला, पुण्याचे पुण्याला, शिरपूर-जळगावचे आपापल्या घरी. त्या दोन रात्री ओट्यावर बसून राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळायची आमची जुनी सवय. राजाला १०००, मंत्र्याला ८००, शिपायाला ५००, चोराला भोपळा. (मामाच्या घरी आकडे वेगळे होते, त्यावरूनही भांडणं झालेली आहेत.) २०२० साली कुणालाच येता आलं नाही आणि खेळ फोनवर गेला. आधी त्या वर्षी सगळ्यांच्याच फोनमध्ये असलेला 'अमंग अस', मग कॉलवर गावकरी आणि लांडगे: काही जण गुपचूप लांडगे, बाकीचे गावकरी, रात्री लांडगे एकाला खातात आणि दिवसा सगळे चर्चा करून मतांनी एकाला बाहेर काढतात. अजूनही शनिवारी रात्री साडेनऊला आमचा डाव बसतो, आणि बहुतेक वेळा निवेदक, म्हणजे डाव चालवणारा, मीच असतो.

पहिल्याच महिन्यात तिघांनी ग्रुप सोडला. त्यातला एक प्रसंग सांगतो. सुरतला माझे दोन मामेभाऊ एकाच खोलीत राहतात. धाकटा लवकर मेला. त्याने नियमाप्रमाणे माइक बंद केला, पण थोरल्याचा चालू होता. चर्चा रंगात आली असताना सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं: पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी आणि "अरे, वहिनीच शे!" पुण्याची वहिनी खरंच लांडगा होती. ती काही बोलली नाही, कॉल कट केला आणि पुढचे चार शनिवार आली नाही. धाकट्याचं म्हणणं असं की, "खेळच खोटं बोलायचा आहे ना, मग मी काय वेगळं केलं?"

त्याने काय वेगळं केलं, ते मला त्या रात्री नीट सांगता आलं नाही. आता येतं. या खेळात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. कुणाला काय माहीत आहे, एवढाच खेळाचा माल. वहिनी खोटं बोलली ते त्याच मालातून. धाकट्याने मात्र तो माल मागच्या दाराने आत आणला. पुढे जे नियम सांगतोय ते सगळे ते मागचं दार बंद करण्यासाठीच आहेत.

खेळ मुळात फोनसाठी बनलेलाच नाही. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या दिमित्री डेव्हिडॉफने १९८६ च्या सुमारास 'माफिया' हा खेळ रचला, १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने त्यातल्या माफियांचे लांडगे केले. दोन्ही वेळा माणसं एका खोलीत समोरासमोर बसलेली असत. डोळे मिटा म्हटलं की मिटले की नाही, ते दिसत होतं. फोनवर तेच दिसत नाही.

पहिली पायरी: खोटं कुठपर्यंत चालेल ते लिहून टाका

तोंडी ठरवू नका. ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा, म्हणजे नवीन माणूस आला तरी पुन्हा सांगायला नको. आमच्याकडे असं लिहिलंय: कॉलवर, सगळ्यांसमोर, काहीही खोटं बोला. कॉलच्या बाहेर खेळाबद्दल खरंही बोलू नका. खाजगी मेसेज नाही, वेगळा फोन नाही, आलेल्या भूमिकेचा स्क्रीनशॉट दाखवणं नाही.

दुसरा नियम आपल्याकडे फार गरजेचा: शपथा बंद. "मायनी आन, मी लांडगा नही" हे वाक्य आलं की डाव संपला म्हणून समजा. कारण साधं आहे. गावकऱ्याला शपथ घ्यायला काही लागत नाही. एकाने घेतली की दुसरा म्हणतो, आता तू घे. खऱ्या लांडग्याची जीभ अडखळते आणि तो सापडतो, म्हणजे अक्कल न वापरता गाव जिंकतं. आणि एखाद्याने खोटी शपथ घेतलीच, तर ती गोष्ट त्या रात्रीपुरती राहत नाही. आमच्याकडे एकाने एकविरामातेची घेतली होती. लांडगा निघाला. त्याच्या आईला कळलं आणि त्याला बिचाऱ्याला धुळ्याला देवळात जाऊन नारळ फोडून यावं लागलं. तेव्हापासून देव, आई, लेकरं आणि अन्न, चारही खेळाबाहेर.

शपथेचाच भाऊ म्हणजे आमिष. "मला वाचव, तुझा रिचार्ज मी मारतो", "माझ्याविरुद्ध मत दिलंस तर परवा गाडी मिळायची नाही". हसत हसत म्हटलेलं असतं, पण मत फिरतं. तेही बंद.

दुसरी पायरी: माणसं मोजा, आणि सकाळी मोजा

डाव एकतर्फी होतो तो बहुधा इथे. आणि इथे आपला अंदाज हमखास चुकतो.

क्षणभर सगळ्या खास भूमिका बाजूला ठेवा. नुसते गावकरी आणि लांडगे. गाव रोज दिवसा अंदाजपंचे एकाला बाहेर काढतं, रात्री लांडगे एकाला खातात. लांडगे आणि बाकीचे बरोबरीला आले की लांडगे जिंकले. आता समजा सकाळी ३ जण उरलेत आणि त्यात १ लांडगा आहे. गावाची संधी तिनात एक, ३३ टक्के. ४ जण उरले असते तर? गावात एक माणूस वाढला, म्हणजे गाव बळकट झालं असं वाटतं. पण संधी घसरून २५ टक्क्यांवर येते. कारण चौघांतही गावाला डाव एकच मिळतो: चुकलं की तिघं उरले, रात्री एक गेला, आणि उरले दोघं समोरासमोर. चौथ्या माणसाने गर्दी तेवढी वाढवली.

हेच पुढे चालू ठेवून मी एका दुपारी वहीत गणित मांडलं. १ लांडगा असताना गावाची संधी ५ जणांत ४७ टक्के, ६ जणांत ३७.५, ७ जणांत ५४, ८ जणांत ४५, ९ जणांत ५९. जिन्याच्या पायऱ्यांसारखं वर-खाली. विषम संख्या गावाच्या बाजूची, सम संख्या लांडग्याच्या. म्हणून ८ जण जमलेत आणि ऐनवेळी आत्याचा मुलगा म्हणतो "मी पण", तर त्याला आनंदाने घ्या. ९ जमलेत आणि तो दहावा असेल, तर मात्र विचार करून घ्या, नाहीतर त्याला निवेदक करा.

इथे एक बारकावा आहे. हे आकडे सकाळचे आहेत. तुमच्याकडे पहिल्याच रात्री शिकार होत असेल तर ९ जणांचा डाव सकाळी ८ वर सुरू होतो, म्हणजे सगळं उलटं. अशा वेळी १० जण हवेत. मला विचाराल तर पहिल्या रात्री शिकारच ठेवू नका. दिवसभर दुकानात उभं राहून माणूस साडेनऊला फोन घेऊन बसतो आणि तोंड उघडायच्या आधी मरतो, हे कुणालाच बरं वाटत नाही.

दुसरं, "आज कुणालाच बाहेर काढायचं नाही" हे मत गावाला उपलब्ध असायलाच हवं. सकाळी ४ जण उरले असतील तर थांबणं शहाणपणाचं: रात्री एक जातो, उरतात ३, आणि संधी २५ वरून ३३ वर जाते. बरेच जण याला पळपुटेपणा म्हणतात. म्हणू द्या.

२ लांडगे केले की चित्र एकदम पालटतं. ७ जणांत गावाची संधी २३ टक्के, ९ जणांत ३०, ११ जणांत ३५. ही अंदाजपंचे मतांची संधी आहे. खरं गाव बोलतं, चुका पकडतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पडतो. तरी सुरुवातीचा तोल कुठे आहे ते कळतं, आणि पोलीस पाटील (रात्री एकाची खरी ओळख विचारणारा), डॉक्टर (एकाला वाचवणारा) अशा भूमिका का लागतात तेही. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्चनन मोसेल या तिघांनी २००८ मध्ये यावर रीतसर गणिती निबंध लिहिलाय. त्यांचा निष्कर्ष असा: खेळाडू खूप असतील आणि शोध घेणारा कुणीच नसेल, तर लांडगे एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या आसपास असले तरी सामना बरोबरीचा होतो. शोध घेणारा एक जरी आला, तर लांडगे एकूण संख्येच्या ठरावीक हिश्शाइतके लागतात. एका पाटलाचं वजन एवढं.

आमचे ठरलेले डाव सांगतो. ७ जण: १ लांडगा, खास भूमिका नाहीत. ९ जण: २ लांडगे, १ पोलीस पाटील, १ डॉक्टर, ५ गावकरी. ११ जण: २ च लांडगे, पाटील ठेवतो, डॉक्टर काढतो. तिसरा लांडगा १३ जणांच्या आत आणत नाही. ५-६ च जण असतील तर लांडगे खेळूच नका. डॉन एस्क्रिजचा २००९ चा 'रेझिस्टन्स' खेळा. त्यात कुणी मरत नाही, मोहिमेवर कोण जाणार यावर मतं घ्यायची. ५ किंवा ६ जणांत २ हेर, ७ ते ९ जणांत ३, १० जणांत ४.

तिसरी पायरी: भूमिका मोजक्याच

पोलीस पाटील रोज रात्री एकाबद्दल विचारतो, निवेदक खरं सांगतो. डॉक्टर एकाला वाचवतो. लागोपाठ दोन रात्री त्याच माणसाला वाचवायचं नाही, हे आधीच सांगा, नाहीतर पाटील उघडपणे "मी पाटील" म्हणतो, डॉक्टर त्याच्या उशाशी बसून राहतो आणि लांडग्यांना काही करता येत नाही. पहिल्या रात्री आम्ही पाटलालाही विचारू देत नाही. लांडगे एकमेकांना ओळखतात, बास. मेलेल्याची भूमिका सांगत नाही, फक्त "गावाचा" की "लांडगा" एवढंच. त्यामुळे लांडग्याला "मीच पाटील" असा दावा करायला जागा राहते.

डॉक्टरबद्दल एक गंमत. त्याने एकाला वाचवलं की सगळे टाळ्या पिटतात आणि त्या उत्साहात कुणाला तरी बाहेर काढतात. पण वाचवल्यामुळे सकाळी संख्या सम झालेली असते. समजा एकच लांडगा उरलाय आणि ७ ऐवजी ८ जण जागे झाले. नुसत्या आकड्यांत बघितलं तर ५४ चे ४५ झाले. तो दिवस कुणालाही न काढता घालवला तर नुकसान होत नाही, वर पाटलाला आणखी एक रात्र मिळते. शिरपूरच्या आत्तेबहिणीने हे माझ्याआधी ओळखलं होतं. ती डॉक्टरला वाचवल्याबद्दल शिव्या घालायची तेव्हा आम्ही हसायचो.

जोकर, प्रेमी जोडपं, तांत्रिक असल्या भूमिका इंटरनेटवर ढिगाने सापडतात. एकाने आमच्याकडे असा खेळाडू आणला, ज्याला गावाने बाहेर काढलं की तोच जिंकतो. दोन डाव मजा आली. तिसऱ्यापासून कुणी संशयास्पद वागला की "हा तोच असेल, नका काढू" सुरू झालं आणि खरे लांडगे त्याच आडोशाला जाऊन बसले. काढून टाकला.

चौथी पायरी: चिठ्ठ्या वाटणं

ओट्यावर चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उधळल्या जात. फोनवर त्या निवेदकाच्या हातात असतात, म्हणून निवेदक खेळणारा नको. आळीपाळीने एकेकाने बसावं.

आणि डोक्याने वाटू नका. खरोखर कागदाच्या चिठ्ठ्या करा, वाटीत टाका, उचला. डोक्याने वाटणारा माणूस "मागच्या वेळी ही लांडगा होती, आता नको" असा विचार करतोच, आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं, त्यामुळे मागच्या वेळचे लांडगे यावेळी आपोआप निर्दोष ठरतात. प्रत्यक्षात ९ जणांत २ लांडगे असतील, तर मागच्या दोघांपैकी निदान एक जण पुन्हा लांडगा निघण्याची शक्यता ४२ टक्के आहे. जवळजवळ निम्मी! हा आकडा ग्रुपवर टाकल्यावर "ती परत कशी असेल" हा युक्तिवाद आमच्याकडे बंद पडला.

चिठ्ठ्या उचलल्या की यादी कागदावर लिहून मी फोटो काढतो आणि डाव सुरू व्हायच्या आधी जिजीला पाठवतो. जिजीला खेळात रस नाही, तिचा फोन मालिका बघायला असतो. डाव संपला की ती तो फोटो ग्रुपवर पाठवते, फोटोची वेळ तिच्या फोनमध्ये दिसतेच. निवेदकाने मधेच लांडगे बदलले, हा आरोप त्यानंतर झालेला नाही. जिजी बदल्यात फक्त एवढंच विचारते, "कोण जिकनं?"

भूमिका कळवताना गावकऱ्यालाही मेसेज गेलाच पाहिजे, आणि तोही तेवढ्याच लांबीचा. "तू गावकरी आहेस, शांत झोप" आणि "तू लांडगा आहेस, जोडीदार अमुक, तिसऱ्या ग्रुपवर ये" यात वाचायला लागणारा वेळ वेगळा असतो, आणि कॅमेऱ्यावर डोळे किती वेळ खाली आहेत ते आमच्या ताईला बरोबर दिसतं.

पाचवी पायरी: रात्र

समोरासमोर खेळताना रात्री डोळे मिटतात, फोनवर माइक आणि कॅमेरा दोन्ही बंद करा. मुख्य ग्रुपवर फक्त ॲडमिनना मेसेज टाकता येईल अशी सेटिंग लावा, सकाळी काढा. दोन लांडग्यांना निवेदकाने केलेला छोटा ग्रुप. त्याचं नाव साधं ठेवा. आमच्या एका निवेदकाने 'लांडगे गँग' ठेवलं होतं आणि ते कुणाच्या तरी टीव्हीला जोडलेल्या फोनवर सगळ्या घराला दिसलं.

रात्रीची वेळ ठरावीक हवी. आम्ही दीड मिनिट ठेवतो, लांडग्यांचं दहा सेकंदात ठरलं तरीही दीड. नाहीतर वेळेवरून अंदाज बांधता येतात: पटकन ठरलं म्हणजे जोडीतले दोघं एकमेकांना ओळखणारे. आणि प्रत्येकाने रात्री निवेदकाला काहीतरी लिहायचं, गावकऱ्यानेही. "झोपलो" पुरे. टाइप करतानाचा आवाज, ऑनलाइन दिसणारी खूण, शेजारच्या खोलीतल्या बायकोला दिसलेला स्क्रीनचा उजेड, सगळं सगळ्यांचं सारखं झालं की त्याचा पुरावा होत नाही.

सहावी पायरी: दिवस, म्हणजे बोलणं

९ जणांना पाच मिनिटं. आरोप झालेल्याला अर्धा मिनिट कुणीही मधे न तोडता. हा अर्धा मिनिट निवेदकाने घड्याळ लावून द्यायचा. आमच्यात जळगावचा चुलतभाऊ घसा ताणून बोलतो, त्याच्यासमोर बारीक आवाजाची माणसं गप्प होतात, आणि गप्प बसला म्हणून लांडगा, असं ठरवून त्यांना काढलं जातं. वहीत बघितलं तर एका काळात पहिल्या दिवशी बाहेर काढलेल्यांत बहुतेक कमी बोलणारेच होते. त्यातले लांडगे फार थोडे.

मान-पान हा आपल्याकडचा खास अडसर. आबा खेळायला बसले की त्यांच्यावर आरोप कोण करणार? नवी सून सासऱ्याला "तुम्ही खोटं बोलताय" कसं म्हणणार? आबा सलग तीन डाव लांडगा असून जिंकले, कारण कुणी विचारलंच नाही. खेळात सगळ्यांनी अरे-तुरे करावं असं सुचवून पाहिलं, जमलं नाही, जीभच वळत नाही. मग नियमात लिहिलं: "आबा, मला तुमचा संशय आहे" हे वाक्य खेळात चालतं आणि त्याचा राग धरायचा नाही. आबांनी ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या शनिवारी ते पहिल्याच दिवशी बाहेर गेले. गावकरी होते.

भाषेचं पण बघा. चिडलो की आम्ही अहिराणीवर येतो. पुण्याच्या वहिनीला ती निम्मी कळते, आणि सुरतमध्ये वाढलेली पोरं मधेच गुजराती घालतात. मुद्दाम नसलं तरी ती खाजगी वाटच झाली. चर्चेच्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळेल तीच भाषा. मेल्यावर जी हवी ती.

मतदान व्हॉट्सॲपच्या पोलवर घेऊ नका. तिथे कुणी काय मत दिलं ते आल्या आल्या दिसतं आणि बदलताही येतं, त्यामुळे लांडगे शेवटपर्यंत थांबून वारं पाहून मत टाकतात. आम्ही नाव टाइप करून ठेवतो, निवेदक "एक, दोन, तीन" म्हणतो, तिनाला सगळ्यांनी पाठवायचं. मागाहून आलेलं मत बाद. बरोबरी झाली तर कुणीच बाहेर नाही.

सातवी पायरी: मेलेले

मेला की कॉल सोडायचा आणि 'वरचा मजला' नावाच्या ग्रुपवर यायचं. तिथे निवेदक सगळं सांगतो, त्यामुळे मेलेल्यांना खालच्यांपेक्षा जास्त मजा येते आणि खाली कुजबुजायची खुमखुमी कमी होते. एका घरात दोघं खेळत असतील तर एकाने दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर जायचं. खोली एकच असेल तर दोघांनी मिळून एक खेळाडू व्हायचं. सुरतचे दोघं आता जोडीनेच खेळतात, आणि आपसात भांडत असल्यामुळे सहज पकडले जातात.

मागच्या डावात जो पहिल्यांदा मेला, त्याची पुढच्या डावातल्या पहिल्या शिकारीत सुटका. यामुळे लांडग्यांची निवड एकाने कमी होते, तोल किंचित गावाकडे झुकतो, पण नाहीतर चांगला खेळणारा दर शनिवारी पहिला मरतो आणि एक दिवस यायचाच बंद होतो. 'ब्लड ऑन द क्लॉकटॉवर' या खेळात मेलेले बोलत राहतात आणि त्यांच्याकडे शेवटचं एक मत शिल्लक असतं. माणसं कमी असली की आम्ही तेही करून पाहतो.

'अमंग अस' खेळत असाल तर

वरचं बरंच काम ॲप करतं. भूमिका तेच वाटतं, मेलेल्यांची चॅट वेगळी ठेवतं. तुमच्या हातात सेटिंग आहेत. सराईत मंडळी असतील तर दिसणारी कामं (करताना बाकीच्यांना दिसतात अशी) बंद करा, नाहीतर दवाखान्यातला स्कॅन दाखवून माणूस कायमचा निर्दोष ठरतो. बाहेर काढलेला खरंच लांडगा होता का ते सांगणारी सेटिंग नवख्यांसाठी चालू ठेवा, मुरलेल्यांसाठी बंद. मतं निनावी करायची की नाही, हे ग्रुपच्या स्वभावावर आहे. आमच्याकडे निनावी केली की नवरा-बायकोची भांडणं कमी होतात. खेळात आता १५ जणांपर्यंत बसता येतं, पण १० च्या पुढे बैठकीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. घरातल्या लहान मुलांच्या खात्यांना पालकांच्या परवानगीशिवाय मोकळी चॅट मिळत नाही, तयार वाक्यंच निवडावी लागतात. मोठे भराभर टाइप करतात आणि पोरगं बटणं शोधत बसतं, मग त्यालाच बाहेर काढतात. अशा वेळी सगळ्यांनीच कॉलवर बोला, आणि फिरताना सगळ्यांचे माइक बंद.

नेट, लाईट आणि मोटर

कुणाचं नेट गेलं तर दोन मिनिटं थांबा, नंतर त्याला बाजूला ठेवून चला. तो गेल्यामुळे संख्या सम होत असेल तर त्या दिवशी बाहेर काढणं रद्द, म्हणजे गावावर अन्याय नाही. लांडगाच कटला तर डाव रद्द करा, उगाच ताणू नका. मोफत गूगल मीटवर तीन किंवा जास्त जणांचा कॉल ६० मिनिटांत संपतो, तेव्हा ९ जणांचा डाव तासात बसवा किंवा दुसरी लिंक आधीच टाकून ठेवा.

रावेरचा चुलतभाऊ केळीवाला. त्याच्याकडे शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. एका शनिवारी ऐन मतदानाआधी तो म्हणाला, "भो, लाईट आली, मोटर चालू करून येतो", आणि गेला. दहा मिनिटांनी आला तोवर दुसराच कुणी बाहेर गेला होता. तो लांडगा निघाला. मग वाद: मोटर खरी होती की नाटक? त्याने दुसऱ्या दिवशी ओल्या केळीचा फोटो टाकला, तरी अर्धे जण मानेनात. एका परीने त्यांचं बरोबर होतं. ओल्या केळीने मोटर सुरू झाल्याचं कळतं, ती कधी सुरू झाली ते नाही.

त्यातून निघालेला नियम असा: नेट, लाईट, मोटर, पाहुणे, आजारपण याबद्दल कधीही खोटं बोलायचं नाही, आणि दुसऱ्याच्या अशा अडचणीवरून संशयही घ्यायचा नाही. "तो गेला म्हणजे लांडगा" हा युक्तिवाद निवेदक तिथल्या तिथे कापतो.

शेवटची पायरी: वही आणि तक्रार

प्रत्येक डावाची एक ओळ लिहा: किती जण, किती लांडगे, कोणत्या भूमिका, कोण जिंकलं, पहिला कोण गेला. महिनाभरात घाईने नियम बदलू नका. डाव अगदी बरोबरीचा असला तरी २० डावांत गाव ७ ते १३ च्या मधे कितीही वेळा जिंकू शकतं, १०० पैकी ८८ वेळा असंच होईल. त्याच्या बाहेर गेलं तर बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. डॉक्टर काढला आणि लांडगाही काढला, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

कुणी चीटिंग केली असं वाटलं तर डाव चालू असताना बोलायचं नाही. "तू चीटिंग केलीस" हाही चर्चेत एक डावपेच होऊन बसतो. निवेदकाला एकट्याला लिहायचं, डाव संपल्यावर तो विचारेल. सिद्ध झालं तर पुढचे दोन शनिवार तो निवेदक, म्हणजे खेळायला नाही पण घरातही आहे. ग्रुपमधून काढणं आम्ही टाळतो, श्रावणात कानबाईच्या प्रसादाचे रोट एकत्रच खायचे असतात.

सुरतचा धाकटा असाच दोन शनिवार निवेदक होता. दुसऱ्या शनिवारी वहिनी परत आली. त्याने चिठ्ठ्या उचलल्या, जिजीला फोटो पाठवला. वहीत त्याच्या अक्षरात ओळ आहे: "९ जण, २ लांडगे, पाटील, डॉक्टर. लांडगे जिंकले. पहिला गेला: आबा." खाली कंसात, "वहिनी परत लांडगा होती, मी काही केलं नाही, चिठ्ठीच निघाली."